रांजण कुणाचा, जकात कुणाची

टोकावडे दुर्गम आहे, असं अहवालांत लिहिलेलं असतं. सरकारी अहवालांत असतं, संस्थांच्या प्रकल्प-प्रस्तावांत असतं, आणि दिवाळीच्या तोंडावर फराळाची पाकिटं नि ब्लँकेटं घेऊन येणाऱ्या शहरी मंडळांच्या फोटोंखालीही असतं. टोकावडे कल्याण-नगर रस्त्यावर आहे, आताच्या राष्ट्रीय महामार्ग ६१ वर. कल्याण स्टेशनपासून पन्नासेक किलोमीटर. रात्री दोन वाजताही इथून ट्रक जात असतात. ओतूर-आळेफाट्याकडचा कांदा आणि भाजी माळशेज उतरून खाली जाते. खालून सिमेंट, खत, लोखंड वर चढतं. सकाळी एसटीला कॉलेजची पोरं लटकलेली असतात. पावसाळ्यातल्या रविवारी मुंबईच्या गाड्या एकामागे एक लागलेल्या असतात. ज्या गावाच्या दारात एवढी वर्दळ त्याला दुर्गम कसं म्हणायचं, हा साधा भूगोलाचा प्रश्न मी बऱ्याच जणांना विचारला आहे. उत्तर साधारण असं येतं : ‘म्हणजे तसं नाही हो, पण तुमच्याकडे सोयी नाहीत ना.’

सोयी नाहीत, हे खरं. पण दुर्गम म्हटलं की दोष डोंगराचा ठरतो, आणि डोंगरावर कुणाला खटला भरता येत नाही. ‘मागास’ हा शब्दही तसाच सोयीचा. त्यात असं गृहीत धरलेलं आहे की सगळे एकाच रस्त्याने चालले आहेत आणि शहापूर-मुरबाडवाले जरा हळू चालल्यामुळे मागे राहिले. मला हे चित्र मान्य नाही. हे दोन तालुके मुंबई महानगराला पाणी पुरवतात, विटा पाडणारे हात पुरवतात, भाजी पुरवतात, आणि आता विकेंडची हिरवळही पुरवतात. पुरवठादाराला मागास म्हणण्याची रीत जगात कुठे नाही. त्याचं बिल थकलं असेल तर त्याला येणेकरी म्हणतात.

टोकावड्याच्या पुढे वैशाखरे लागतं. तिथून डोंगरात चढणारी वाट नाणेघाटाची. कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांतून जुन्नर-पैठणला जाणारा सातवाहनांचा हा व्यापारी रस्ता. वरच्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे, त्यात यज्ञांच्या वेळी दिलेल्या दानांचे आकडे कोरलेले आहेत. आपल्या देशातल्या फार जुन्या अंकलेखनात त्यांची गणना होते. घाटमाथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकायचे, असं सांगतात, आणि शाळेच्या सहलीला आलेलं प्रत्येक पोर त्यात डोकावून बघतं. ती जकात राजाची होती, घाटाखालच्या ठाकराची नव्हती. तेव्हा जुन्या काळाचे गोडवे गायचं काही कारण नाही. पण या वाटेने माल जातो आणि जाण्याचं मोल द्यावं लागतं, एवढी गोष्ट त्या रांजणाने मान्य केलेली आहे. आज या भागातून खाली जातं ते मुख्यतः पाणी. त्याच्या वाटेवर रांजण ठेवलेला नाही.

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्याचे पूर्वेकडचे तालुके. पाठीशी सह्याद्रीची भिंत : आजोबा, माळशेज, नाणेघाट, गोरखगड, सिद्धगड. पाऊस वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यांत. भातसा, तानसा, वैतरणा, शाई, काळू या नद्या याच भिंतीच्या पायथ्याने वाहतात. खाली काळा कातळ. पाणी मुरत नाही. उतारावरून ओढ्याला, ओढ्यातून नदीला, आणि ऑक्टोबर संपेपर्यंत खाडीला. म्हणून जुलैत घराच्या भिंतीला ओल येते आणि फेब्रुवारीत विहिरीचा तळ दिसतो. इथपर्यंत निसर्ग. पुढचं माणसांनी केलं.

मुंबई महापालिका पावसाळ्यात रोज सकाळी सात तलावांचा साठा जाहीर करते. वर्तमानपत्रं तो पहिल्या पानावर छापतात. त्या तक्त्याकडे एकदा आमच्या बाजूने बघा. सातही तलाव भरले की एकूण उपयुक्त साठा १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. त्यातला एकट्या भातसाचा ७,१७,०३७, म्हणजे जवळजवळ निम्मा. तानसाचा १,४५,०८०. भातसा आणि तानसा ही दोन्ही धरणं शहापूर तालुक्यात. दोन्ही मिळून साठ टक्के. आणि जे दोन तलाव खरोखर मुंबईच्या हद्दीत आहेत ते विहार आणि तुळशी. त्यांचा मिळून साठा ३५,७४४. अडीच टक्के. तरी बातमीचा मथळा दरवर्षी ‘मुंबईचे तलाव काठोकाठ’ असाच असतो. मथळा लिहिणाऱ्याचा त्यात काही दुष्ट हेतू नसतो, हे मला माहीत आहे. त्याला खरंच तसं वाटतं, आणि माझं भांडण त्याच वाटण्याशी आहे.

आता दुसरी बातमी. ही आतल्या पानावर, एप्रिल-मेमध्ये, जिल्हा आवृत्तीत येते : शहापूर तालुक्यातल्या गाव-पाड्यांना टँकर सुरू. ही बातमी इतकी नेमाने येते की ती मागच्या वर्षीचीच पुन्हा छापली तर कुणाच्या लक्षात येणार नाही. तानसा धरण १८९२ सालचं. सव्वाशेहून जास्त वर्षं त्याचे पाइप तालुक्यातून शहराकडे चालले आहेत. इतके मोठे की त्यांच्यावरून माणूस चालत जाऊ शकतो. पाइपाच्या अलीकडे पाडा, पलीकडे आटलेली विहीर, आणि मध्ये पाइप ओलांडून डोक्यावर हंडा नेणारी बाई. हे चित्र इतक्या वेळा छापून आलं आहे की आता त्याचा कुणाला धक्काही बसत नाही. माझं म्हणणं, धक्का बसवून घेऊ नका. बेरीज-वजाबाकी करा.

यावर इंजिनिअर मंडळींचं ठरलेलं उत्तर असतं. धरण खाली आहे, गावं वर आहेत, पाणी उचलावं लागेल, ते परवडत नाही. उत्तर तांत्रिक असल्यामुळे समोरचा गप्प बसतो. पण भातसाचं पाणी मुंबईला कसं जातं? धरणातून नदीत सोडतात, खाली पिसे इथल्या बंधाऱ्यावर अडवतात, आणि तिथून पंपांनी उचलून पांजरापूरच्या शुद्धीकरण केंद्रात नेतात. म्हणजे शहरासाठीही पाणी उचललंच जातं, रोज, अवाढव्य प्रमाणात, आणि ते परवडतं. उंची दोन्हीकडे आहे. परवडण्याचा निर्णय उंची बघून होत नाही.

शहापूरसाठी मग तोड काय काढली? शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, इगतपुरी तालुक्यात, भावली धरण आहे. ते उंचावर. तिथून उताराने पाणी शहापूरच्या शंभराच्या आसपास गावांना आणि अडीचशेवर पाड्यांना आणायचं, अशी योजना. शहापूरचं पाणी मुंबईला, म्हणून इगतपुरीचं पाणी शहापूरला. उद्या इगतपुरीच्या माणसाने विचारलं की आमच्या वाड्यांचं काय, तर आम्ही त्याला कोणत्या तोंडाने उत्तर देणार? एका ठिकाणचा अन्याय एक घाट वर सरकवला की त्याला योजना म्हणतात, असं दिसतं. योजना व्हावी, लवकर व्हावी, लोकांची तहान तत्त्वचर्चेसाठी थांबत नाही. पण तिला उपकार म्हणू नये.

मुरबाडचं गणित थोडं वेगळं आहे. बारवी धरण मुरबाड तालुक्यातलं आणि औद्योगिक विकास महामंडळाच्या मालकीचं. १९७२ च्या सुमारास ते कारखान्यांसाठी बांधलं. मग ते कारखान्यांबरोबर शहरांसाठीही झालं, मग उंची वाढवली, मग आणखी वाढवली. २०१९ च्या पावसाळ्यात वाढीव उंचीपर्यंत पाणी भरलं तेव्हा काठच्या वाड्यांतून माणसं हलवावी लागली. त्यांना घरटी एक नोकरी द्यायची, असं ठरलेलं होतं. पाणी ठरल्या वेळी पोचलं, नोकऱ्या मागाहून, वर्षांनी, हप्त्याहप्त्याने. धरणाच्या कामात सगळ्यांत वक्तशीर कोण, तर पाणी.

आणि आता काळू. महानगर प्रदेशाच्या वाढत्या वस्तीसाठी काळू नदीवर मोठं धरण, ही कल्पना जुनी आहे. टोकावड्याच्या परिसरातल्या डोंगरपायथ्याच्या गावांना ती नवी नाही. २०११ साली वनखात्याची परवानगी न घेताच काम सुरू झालं. हजारेक हेक्टर वनजमीन बुडणार, आदिवासी वाड्या बुडणार, आणि मातीकाम मात्र जोरात. श्रमिक मुक्ती संघटनेने न्यायालयात दाद मागितली आणि २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयाने काम थांबवलं. तेव्हापासून दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी मोठा माणूस ‘काळू धरणाला गती’ देतो. निवडणूक झाली की गती पुन्हा मंदावते, पण भीती मंदावत नाही. ज्याची जमीन बुडीत रेषेत दाखवली आहे त्याने विहीर खोदायची की नाही? पक्कं घर बांधायचं की नाही? आंबा लावायचा की नाही? मुलीकडचे पाहुणे येतात तेव्हा जमीन बुडणार का, हे आधी विचारतात. धरण न होताही धरणाने दीड दशक माणसांना बुडवून ठेवलं आहे. यालाही काही भरपाई असते का, हे कायद्याच्या जाणकारांनी सांगावं.

काळूच्या बाजूने बोलणारे म्हणतात, लोकसंख्या वाढते आहे, पाणी तर लागणारच. बरोबर. पण आधी घरातलं भोक बुजवा, मग शेजाऱ्याचा माठ मागा. मुंबईला रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी पुरवलं जातं. गळती आणि चोरी मिळून त्यातलं तीस टक्क्यांच्या आसपास पाणी हिशेबात येतच नाही. तीस टक्के म्हणजे हजार-बाराशे दशलक्ष लिटर, रोज. सांडपाणी शुद्ध करून वापरायची मोठी केंद्रं आता कुठे उभी राहताहेत. मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प वर्षानुवर्षं चर्चेत आहे. तो महाग पडतो म्हणतात. महाग पडतोच. कारण त्याच्या खर्चात सगळं धरलेलं असतं : यंत्रं, वीज, जागा, माणसं. धरण स्वस्त पडतं, कारण त्याच्या खर्चात आमची वाडी, आमचं जंगल, आमचा मार्च महिना धरलेला नसतो. दोन भाव शेजारी ठेवायचे तर दोन्हींत सगळं घालून ठेवा, एवढंच.

पाण्याबद्दल इतकं बोललो, कारण ते मोजता येतं. माणसांचं जाणं मोजता येत नाही, कारण ते कुणी मोजत नाही.

या भागात ठाकूर, महादेव कोळी, कातकरी, शहापूरच्या बाजूला वारली. पीक एक : भात. वरकस उतारावर नाचणी, वरी. राब भाजायचा, पेरणी, आवणी, कापणी, झोडणी, आणि दिवाळी झाली की शेतातलं काम संपलं. ज्यांच्याकडे नदीकाठची जमीन किंवा बोअरचं पाणी आहे ते भेंडी, काकडी, कारली लावतात. इथली भेंडी परदेशात जाते, याचा अभिमान जरूर असावा; पण ती कितीजणांची आहे, हे कुठल्याही वाडीत उभं राहून मोजता येतं. बाकीच्यांना पुढचे सात महिने बाहेर काढायचे असतात.

कातकऱ्यांचं नाव काथावरून पडलं. खैराच्या लाकडापासून काथ काढणारे ते कातकरी. इंग्रजांच्या काळात जंगल राखीव झालं आणि तो धंदा गेला, नाव तेवढं राहिलं. आज केंद्र सरकारच्या यादीत ते विशेष असुरक्षित आदिवासी गटात आहेत. असुरक्षित कशापासून, ते यादीत लिहिलेलं नाही. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा, किंवा आजारपणाला, लग्नाला, गणपतीला भट्टीवाल्याकडून बयाणा घेतलेला असतो. दिवाळीनंतर टेम्पो येतो. भांडी, गोधड्या, कोंबड्या, पोरं, सगळं त्यात. भिवंडी, कल्याण, वसई. भट्टीवर झोपडी घालायची, तिला भोंगा म्हणतात. मजुरी हजार विटांमागे. आठवड्याला खर्ची मिळते ती बयाण्यात मिळवली जाते. पाऊस पडायच्या आत हिशेब होतो आणि बहुतेक वेळा काही ना काही अंगावर निघतं, ते पुढच्या वर्षावर. वेठबिगारी कायद्याने १९७६ सालीच संपली आहे. भट्टीवरच्या हिशेबाच्या वहीला ते कळवायचं राहून गेलं. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसदेने नव्वदच्या दशकात भट्ट्यांवरच भोंगा शाळा चालवल्या. पोरांना शाळेत आणता येत नाही तर शाळा भोंग्यात न्यावी, इतकी साधी गोष्ट. पण ती करायला सरकारच्या आधी एक संघटना लागली.

तर मुंबई-ठाण्याच्या कितीतरी भिंतींत इथल्या माणसांच्या हातची वीट आहे आणि नळाला इथलं पाणी आहे. १९४२ मध्ये भाई कोटवालांच्या आझाद दस्त्याने याच पट्ट्यात मुंबईकडे जाणाऱ्या विजेचे मनोरे पाडले होते. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडाच्या जंगलात कोटवाल आणि हिराजी पाटील गोळ्यांना बळी पडले. आम्ही दरवर्षी तिथे श्रद्धांजली वाहतो, पुढारी भाषणं करतात. राजधानीला जाणाऱ्या तारा कुणाच्या डोक्यावरून जातात, हे कोटवालांनी ओळखलं होतं, असं मात्र त्या भाषणांत मी अजून ऐकलेलं नाही. कुणी मनोरे पाडावेत असं माझं म्हणणं नाही. ती लढाई परक्या सरकारशी होती. पण तार कुठून कुठे जाते, हे बघायला तर हरकत नसावी.

मग हे सगळं राज्यकर्त्यांना दिसत कसं नाही? दिसू नये अशी व्यवस्था आहे म्हणून. त्यात कुणी कट केलेला नाही, नकाशाच तसा आखला गेला. १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्हा फुटला आणि पालघर वेगळा झाला. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा, डहाणू, तलासरी तिकडे गेले. पालघर हा ‘आदिवासी जिल्हा’ झाला आणि त्याच्याकडे त्या नजरेने बघितलं जाऊ लागलं. शहापूर आणि मुरबाड ठाण्यात उरले. शहापूर तर पूर्ण अनुसूचित क्षेत्र, मुरबाडचीही बरीच गावं त्यात. नव्या ठाणे जिल्ह्याच्या निम्म्याहून अधिक जमीन या दोन तालुक्यांत आहे. पण २०११ च्या जनगणनेनुसार ऐंशी लाखांच्या जिल्ह्यात यांची माणसं जेमतेम पाच लाख. जिल्ह्यात सहा महानगरपालिका. त्यामुळे दरडोई उत्पन्न काढा, साक्षरता काढा, दवाखान्यांचं प्रमाण काढा, ठाण्याची सरासरी छान येते. त्या सरासरीखाली दोन तालुके झाकले जातात. नदीची सरासरी खोली कमरेइतकी, म्हणून निर्धास्त उतरणारा माणूस बुडतो तो सरासरीत नव्हे, डोहात.

मतांचंही तेच. मुरबाड विधानसभा मतदारसंघात बदलापूर शहर आहे, आणि मतांची मोठी गाठ तिथे. निवडून यायचं तर तिकडच्या सोसायट्यांत जावं लागतं, आणि तिथल्या सोसायट्यांना पाणी हवं आहे. आमच्या आमदाराला आमचं आणि त्यांचं दोघांचं पाणी सांभाळायचं असतं, पण मतं एका बाजूला जास्त असतात. शेवटी दोन्हीकडे सांगायला सोपं पडतं ते रेल्वेचं. मुरबाडची रेल्वे माझ्या लहानपणापासून येते आहे.

आमच्या माणसांनाही यातून सोडता येत नाही. रस्त्याकडेची जमीन विकायची लाट आली ती आमच्याच दलालांच्या खांद्यावरून. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला सहजी विकता येत नाही, असा कायदा आहे. तरी इतर जमिनी धडाधड गेल्या. नदीला लागून ‘व्हॅली’ आणि ‘मेडोज’ अशा नावांच्या पाट्या लागल्या. आत पोहण्याचा तलाव, त्यासाठी बोअर, आणि बाजूच्या वाडीची विहीर महिनाभर आधी आटते. मूळ मालकाचा मुलगा तिथेच केअरटेकर लागतो. दलाल पुढे ग्रामपंचायतीत निवडून येतो. पावसाळी पर्यटनाचा पैसाही इथे फार थांबत नाही : आठ-दहा रविवार भजी आणि मक्याची कणसं, त्यातही माळशेजला कुणी वाहून गेलं की प्रशासन धबधब्यांवर जमावबंदी लावतं आणि टपरीवाल्याचा हंगाम बुडतो.

समृद्धी महामार्गाचं उदाहरण मुद्दाम देतो, कारण ते माझ्या बाजूचं आहे असं वाटत नाही. इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा शहापूर तालुक्यातून जातो. जून २०२५ मध्ये तो सुरू झाला. त्याच्या कामात सरळांबे इथे १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटेआधी गर्डर उचलणारं यंत्र कोसळून वीस कामगार गेले, बहुतेक दूरदूरच्या राज्यांतले. ते विसरू नये. पण ज्यांच्या जमिनी त्या रस्त्यात गेल्या त्यांतल्या पुष्कळांना मोबदला चांगला मिळाला, हे मान्य केलं पाहिजे. का मिळाला? जमिनीला सातबारा आहे, म्हणून. नावावर काहीतरी होतं, म्हणून सरकारला समोर बसून भाव करावा लागला. पाण्याला सातबारा नाही, म्हणून भाव नाही.

इथे हमखास ऐकवलं जातं : पाणी राज्याचं आहे, कुण्या तालुक्याचं नाही. ठीक आहे. कोळसा, लोखंड, बॉक्साइट हीसुद्धा सरकारचीच मालमत्ता असते. तरी २०१५ साली खनिज कायद्यात दुरुस्ती करून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आणलं, आणि खाणीच्या स्वामित्वधनावर ठरावीक टक्के जास्तीची रक्कम खाणबाधित भागासाठी काढायला लावली. हिमाचलसारख्या राज्यांना जलविद्युत प्रकल्पांतून बारा टक्के वीज फुकट मिळते, का, तर नदी त्यांची. म्हणजे जिथून काढायचं तिथे काही ठेवायचं, हे तत्त्व आपल्या कायद्याला परकं नाही. दगडाला लागू होतं, विजेला लागू होतं. पिण्याच्या पाण्याशी येऊनच ते का अडतं? भातसाच्या पाण्याचे पैसे महापालिका देत नाही असं नाही; ती राज्याच्या जलसंपदा खात्याला देते. शहापूरच्या वाट्याला त्यातून काय येतं, हे मार्चमध्ये येऊन बघावं.

बाहेर बघायचं तर न्यूयॉर्क बघा. त्या शहराचं बहुतेक पाणी दूरच्या कॅटस्किल-डेलावेअरच्या डोंगरांतून येतं. तिथेही गावं बुडवली होती, तिथेही पिढ्यांचा राग होता. १९९७ साली शहर आणि डोंगरातली गावं यांच्यात करार झाला. शहर त्या गावांच्या सांडपाण्याच्या सोयींना, शेती सुधारायला, स्थानिक धंद्यांना पैसा देतं, आणि आपल्या तिथल्या जमिनींवर कर भरतं. हे औदार्याने झालेलं नाही. शुद्धीकरणाचं प्रचंड केंद्र बांधण्यापेक्षा ते स्वस्त पडलं. कोस्टारिका हा तर छोटासा देश. तिथे त्याच सुमारास इंधनावरच्या करातून, जंगल राखणाऱ्या शेतकऱ्याला पैसे देणं सुरू झालं. पाणी धरून ठेवण्याचं काम जंगल करतं, तर ते काम मानलं पाहिजे, असा विचार. आपल्याकडे जंगल राखणाऱ्या ठाकराला वनहक्काचा दावा मंजूर करून घ्यायला कचेरीच्या खेपा घालाव्या लागतात.

तर मागणी अशी. मुंबईला जाणाऱ्या दर हजार लिटरमागे एक रुपया. रोज ३,९०० दशलक्ष लिटर, म्हणजे रोज ३९ लाख रुपये, वर्षाला १४२ कोटी. पाच माणसांचं, माणशी १३५ लिटर वापरणारं घर महिन्याला वीस हजार लिटर वापरतं. त्याच्यावर बोजा वीस रुपयांचा, एका वडापावचा. झोपडपट्टीला यातून वगळा, मोठ्या सोसायट्या, हॉटेलं आणि कारखान्यांकडून जास्त घ्या. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या वर होता. त्यात १४२ कोटी म्हणजे हजारात दोन रुपयेही नाहीत. साठ्याच्या प्रमाणात वाटणी केली तर एकट्या शहापूरला वर्षाला ८५ कोटींच्या आसपास. बारवीवर आणि उद्याच्या कुठल्याही धरणावर हाच दर. हे अनुदान नाही, म्हणून त्याचा फलक लावायला, फीत कापायला कुणी येऊ नये.

पैसे खाल्ले जातील, असं लगेच म्हणतील. काही खाल्ले जातील. मुंबईतल्या रस्त्यांच्या कामात कोण काय खातं ते विचारून शहराला पाणी देणं आम्ही कधी थांबवलेलं नाही. पैसे कुठून द्यायचे याचीही वाट तयार आहे : पेसा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी राज्य सरकार २०१५ पासून थेट देतं. त्याच खात्यात हे टाका. पाड्याच्या ग्रामसभेत वाचून दाखवा, किती आले आणि कशावर गेले. विहिरीवर छप्पर घालायचं, की वरच्या ओढ्यावर बंधारा, की भट्टीवरचा बयाणा फेडायला बचत गटाला भांडवल, हे त्या सभेने ठरवावं. चुका होतील, त्या त्यांच्या असतील.

आणि जी गावं काळूच्या बुडीत रेषेत दाखवली आहेत, त्यांच्याकडे नवा प्रस्ताव घेऊन यायच्या आधी एवढी तीन कागदं आणा : मुंबई-ठाण्याची गळती दरवर्षी किती कमी झाली त्याचा तक्ता, बारवीच्या प्रत्येक विस्थापित घराला दिलेल्या नोकरीची यादी, आणि शहापूरच्या ज्या गावांत यंदाच्या उन्हाळ्यात टँकर गेला नाही त्यांची नावं. ग्रामसभा कुठल्या दिवशी बोलवायची, ते त्यानंतर कळवू.